पाठीवरचे बंद

परवा-परवापर्यंत महिन्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, आमच्या दारात एक लोखंडी माणूस येऊन उभा राहत असे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आल्या आल्या तो आमच्याकडे पाठ करायचा, रस्त्याकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "सोडा."

मग मी पेपर बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरचे पाच बंद सोडायला लागायचो. चामड्याचे पट्टे आणि पितळेची बकलं. पाचवं बक्कल सुटलं की तो दोन्ही हात पुढे करी, मी ते अकरा किलोचं चिलखत बाह्यांतून ओढून काढी, आणि आतून घामानं भिजलेल्या बनियनमधला एक काटकुळा म्हातारा बाहेर येई. हे शेषराव बारंगे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर.

मी तहसील कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी लोकांचे अर्ज 'त्रुटी आहे' म्हणून परत पाठवण्यात गेली, त्यामुळे माणसाचं कौतुक करायची मला सवय नाही. शेषरावांचं तर मी कधीच केलं नाही. उन्हातान्हात कापूस भरलेला अंगरखा आणि त्यावर लोखंडी पत्रे चढवून शाळाशाळांतून फिरणाऱ्या माणसाला आमच्याकडे वेडा म्हणतात, आणि मी ते त्यांच्या तोंडावर म्हणत आलो. त्यावर ते म्हणायचे, "म्हना ना जी. पन आधी सोडा."

शेषराव सरकारी शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. म्हणजे प्रयोग करायचा मास्तरांनी आणि नळ्या धुवायच्या यांनी. एकदा विज्ञानाचे मास्तर आले नाहीत म्हणून यांनी वर्गासमोर मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून त्या वेळचे हेडमास्तर आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बारंगे, आपका काम सामान देना है, पढ़ाना नहीं." ही गोष्ट शेषरावांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी हेडमास्तरांचं वाक्य हिंदीत, जसंच्या तसं.

चिलखताचं खूळ डोक्यात शिरलं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी. शाळेची सहल गोंड राजांचा देवगडचा किल्ला बघायला गेली होती. एका मुलीनं इतिहासाच्या मास्तरांना विचारलं, "सर, हे लोकं लढाईत काय घालत होते?" मास्तर म्हणाले, "कपडे." सगळे हसले. शेषराव हसले नाहीत. पुढच्याच रविवारी ते पॅसेंजरनं नागपूरला गेले, एका संग्रहालयात काचेच्या पेटीसमोर दोन तास उभे राहिले आणि प्रॅक्टिकलच्या वहीत डाव्या कोऱ्या पानावर त्यांनी चिलखताचं चित्र काढून आणलं. माप, शिवण, पत्र्यांची संख्या, सगळं टिपलेलं. पेटी भिंतीला टेकलेली होती, त्यामुळे चित्र फक्त पुढच्या बाजूचं निघालं.

त्यांची बायको कुसुमवहिनी शिवणकाम करायच्या. ब्लाऊज, परकर आणि झबली. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते कुसुमवहिनींच्या झबल्याचं. त्या दोघांना स्वतःचं मूल झालं नाही. वहिनींनी ते चित्र उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "पुढं तं कुठीच उघडत नाही हे. मंग मांगून बंद असन. झबल्याले असते तसे." आणि त्यांनी सौंसरचा कापूस आणून, मांजरपाटाच्या दोन थरांत भरून, बोटभर अंतरावर टाके घालत तो अंगरखा शिवला आणि पाठीला पाच बंद लावले. छातीवरचे पत्रे शेषरावांनी भंगारातल्या एका कूलरमधून कापले. ठोकून ठोकून आणि जाळून काळे केले. मी म्हणालो, "शेषराव, कूलर होता का हो तुमच्या गोंड राजाच्या वेळी?" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "कूलर नव्हता. लोहा होता."

आता, कूलरबद्दल मी जे विचारलं ते खरं तर त्यांचंच वाक्य होतं. "तवा नव्हतं" हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येत. पाचशे वर्षांमागचा शिपाई म्हटल्यावर पाचशे वर्षांमागचाच. एकदा चिलखत अंगात गेलं की चहा नाही, घड्याळ नाही, चष्मा नाही, मोबाईल नाही. चष्म्याशिवाय त्यांना दहा फुटांपलीकडचं दिसत नसे, पण त्यांचं म्हणणं, शिपायालाही दिसत नसणार. आणि मिरची नाही! आमच्याकडे मिरचीशिवायचं वरण फक्त आजाऱ्याला देतात. शेषराव शाळेच्या मैदानात चकमक झाडून विस्तव करत, ज्वारीच्या भाकरी भाजत आणि पोरांना कांदा नि मिरपूड लावून देत. पोरं विचारत, "तिखट कुठी हाय?" ते म्हणत, "तवा नव्हतं. इकडं पोचलीच नव्हती मिरची." पोरं त्या शिपायाच्या हालांनी इतकी गलबलत की लढाईत मेलेल्यांसाठी कुणी एवढं गलबललं नसेल.

तलवारीसाठी पोरं जीव टाकत. ती ते शेवटी दोन मिनिटं दाखवत. "लढाई एक दिवस राहे. बाकी दिवस चालनं, लाकडं आननं, भाकर भाजनं. थे पाहा आधी."

या काटेकोरपणापायी त्यांचं नुकसानही व्हायचं. लोधीखेड्याला एका मोठ्या संत्रा बागायतदाराच्या हातून त्यांचा सत्कार ठरला होता. नारळ, शाल आणि संत्र्यांची पेटी. भाषणात बागायतदार म्हणाले, आपल्या भागाचं संत्रं राजे-महाराजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. शेषराव चिलखतात होते. ते उठून म्हणाले, "संत्रं तवा नव्हतं." शाल मिळाली. पेटी मात्र जीपमध्ये कुणी ठेवली नाही.

ते येता-जाता चिलखतातच प्रवास करत, कारण बंद पाठीला. सकाळी वहिनी घालून देणार आणि संध्याकाळी वहिनीच काढणार. मी सांगून थकलो, शाळेत कुणाकडूनही सोडवून घ्या, पिशवीत घालून आणा. ते म्हणत, "नाही जी. शिपाई घरून सजून निघे आन घरीच येऊन काढे." त्यामुळे बसचा कंडक्टर त्यांचं लगेज धरावं की नाही यावर ड्रायव्हरशी वाद घाली. एका शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला ते तसेच रांगेत उभे राहिले, तर एका बाईनं हात जोडून विचारलं, "कायचा नवस हाय बाप्पा, एवढा कडक?" शेषरावांनी तिला कापसाचे थर, टाक्यांचं अंतर आणि पत्र्यांची जाडी समजावून सांगितली. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या पाया पडली.

पोरांना मात्र ते पाठ दाखवत तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होई. मी दोन-तीन कार्यक्रम बघितले आहेत. ते वळून उभे राहत आणि म्हणत, "हे बंद पाहा. हात पोचते का माहा? नाही पोचत. मतलब चिलखत घालाले दुसरं मानूस लागे. घरी कोनी नसन, तं शिपाई लढाईवर जाऊच शकत नव्हता. आन आला वापस, तं सोडाले कोनी पायजे. एकट्याचं काम नव्हतं थे." पोरं मागून येऊन बकलांना हात लावून बघत. सगळ्या कार्यक्रमात मला तेवढंच आवडायचं, पण मी तसं कधी बोललो नाही.

वहिनींचं बंद सोडणं बघण्यासारखं असे. मशीनवर बसल्या बसल्या, दातात दोरा धरून, त्या एका हातानं पाचही बकलं उघडत आणि दुसऱ्या हातानं कापड सरकवत राहत. "वळा इकडं. किती घामेजून आले. कोनी पाह्यलं तं म्हनन, बायको पानी देत नाही." शेषराव पाठ करून उभे. त्या पाच बकलांच्या वेळात शाळेत काय झालं ते सगळं सांगून होई.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. किडनीचं दुखणं होतं. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, हात थरथरायला लागले, मशीन बंद पडली आणि पावसाळा संपता संपता त्या गेल्या. नंतर तीन महिने शेषरावांच्या घरातून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, सुटला माणूस या खुळातून. मग एका सकाळी ते चिलखत दोन्ही हातांवर घेऊन आमच्या दारात उभे. तिगावच्या शाळेनं बोलावलं होतं. म्हणाले, "खोडेबाबू, घालून देता का?"

मला अर्धा तास लागला. मी वरचं बक्कल आधी लावलं तर म्हणाले, "खालून वर. कुसुम खालून वर लावे." त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. मी कुरकुर करत करायचो. माझी बायको मंगला म्हणायची, "एवढं काय जड जाते तुमाले? पाच तं बकलं हायेत." जड मला बकलं जात नव्हती. मी सोडत असताना ते काहीच बोलत नसत, ते जड जायचं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर शिक्षण खात्यात हालचाल सुरू झाली. नव्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांमधून वर्षभर फिरवायला तीन-चार कार्यक्रम निवडायचे होते, आणि शेषरावांचं नाव कुणीतरी सुचवलं. मी त्यांना इतकं खूश दोनदाच पाहिलं, एकदा तेव्हा आणि एकदा कूलर सापडला तेव्हा. ते म्हणाले, "सगळ्या शाळा, खोडेबाबू. माह्यावाली शाळा बी." त्या शाळेत, त्या प्रयोगशाळेपुढे उभं राहून त्यांना शिकवायचं होतं. दुसरं काही त्यांनी आयुष्याकडे मागितलं असेल असं मला वाटत नाही.

निवडीसाठी भोपाळहून एक मॅडम आल्या. तरुण, हुशार आणि माणूस म्हणून चांगल्या. सकाळी बंद लावून मीही सोबत गेलो होतो. मॅडमनी भाकर खाल्ली, चकमक स्वतः झाडून बघितली, अंगरख्याचे टाके बोटानं मोजले आणि म्हणाल्या, असं काम मी कुठं पाहिलं नाही. मग शेषराव पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी 'दुसरं मानूस लागे' ते बोलणं सुरू केलं. मॅडम मध्ये बोलल्या नाहीत. सगळं संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "दादाजी, ये बंद पीठ पर नहीं होते थे. बगल में होते थे. सिपाही खुद बाँधता, खुद खोलता था."

आणि त्यांनी मोबाईलवर तशाच जुन्या चिलखतांचे फोटो दाखवले. बाजूनं काढलेले, मागून काढलेले. शेषरावांनी मोबाईल हातात घेतला. चिलखतात असताना मी त्यांना मोबाईल हातात घेताना पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांपाशी नेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, बाकी सगळं बरोबर आहे, एवढंच पंधरा दिवसांत दुरुस्त करून घ्या, मी नाव पाठवते. एखादा काळा डाग काढायला सांगावा इतक्या सहज त्या बोलल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

परत येताना जीपमध्ये शेषराव म्हणाले, "चूक हाय जी."

मी म्हणालो, "असू दे. पाठ कोण बघतं?"

"मी दाखवतो ना. वळून दाखवतो. इतके वर्स पोट्टेईले खोटं सांगून राहिलो मी. एकट्याले घालता येत होतं थे."

पुढचे दहा-बारा दिवस त्यांच्या घराचं दार लोटलेलंच होतं. माझ्यासारख्या माणसाला सल्ला देण्याची हौस फार. मी जाऊन म्हणालो, नका जाऊ त्या निवडीत. आजवर जसं चाललं तसं चालू द्या. ते चिलखत मांडीवर घेऊन बसले होते, पाठ खाली आणि छाती वर अशा बेतानं. म्हणाले, "तीस वर्स दुसऱ्याच्या प्रयोगाले सामान देल्लं. आता माहा प्रयोग हाय, आन थो मले मालूम असून चुकीचा दाखवू का?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन हे तिच्या हातचं हाय. तिनं चूक नाही केली. मी चित्रच अर्धं आनलं होतं."

मी घरी आलो. मला त्या भोपाळच्या मॅडमचा राग आला, मग शेषरावांचा आला, आणि मग स्वतःचा. आयुष्यभर त्रुटी काढणाऱ्याला त्या दिवशी एका त्रुटीबद्दल काय बोलावं ते सुचलं नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता ते आले. कार्यक्रम कुठेच नव्हता. म्हणाले, "घालून द्या." मी घालून दिलं, खालून वर. मग त्यांनी खिशातून एक लहानशी कातर काढून मागे माझ्या हातात दिली. मूठ घासून गुळगुळीत झालेली. मी ती ओळखली, वहिनींची.

"आता काढा," ते म्हणाले. "बंद नाही. टाके."

"अंगात असताना? उतरवून काढू ना."

"हातात घेतलं तं मले दिसन. दिसलं तं मी नाही काढू देनार. तुमी काढा, मी इकडं पायतो."

ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दोन वर्षं मी ती बकलं सोडत होतो, पण त्यांच्या बुडाशी काय आहे ते कधी नीट बघितलं नव्हतं. प्रत्येक पट्टा चौकोनात शिवलेला आणि चौकोनात आडवी-उभी फुली. मेण लावलेला काळा दुहेरी दोरा, मुंगीच्या पायाएवढे टाके. कातरीचं टोक आत शिरत नव्हतं. मी एकेक टाका उचलायचो, कापायचो, ओढायचो. खालून पहिला पट्टा सुटला, दुसरा सुटला. मंगला चहा ठेवायला उठली होती, ती दारातच उभी राहिली. 

चौथ्या पट्ट्याला मी थांबलो. इथला दोरा काळा नव्हता, तपकिरी होता. टाके मोठे, वेडेवाकडे, एक तर चौकोनाच्या बाहेरच गेलेला.

"काहून थांबले?" शेषरावांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "तपकिरी हाय का?"

"हो."

"थो निघाला होता मधात. मी म्हनलं, राहू दे, मी बाहेरून शिवून घेतो. तं म्हने, मी मेली का अजून? हात कापे तिचा. दोन दिवस लागले तिले तेवढ्याले." त्यांचा आवाज सरळ होता. "काढा. थो बी काढा."

मी काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे एक टाका कापताना कापडही कापलं गेलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. पाचवाही सुटला. चिलखत पाठीवर दोन्ही बाजूंना उघडं पडलं. मी बाह्या धरायला पुढे झालो, पण त्यांनी खांदे हलवले आणि ते आपोआप खाली उतरलं. ते त्यांनी एकट्यानंच काढलं. बाजेवर ठेवलं, पालथं नाही, छाती वर करून. उद्या बसस्टँडजवळच्या मोच्याकडून पाठ शिवून बगलेत नवे बंद लावून घेणार, म्हणाले. मॅडमना सांगायचं की झालं.

मंगलानं सवयीनं झाडू घेतला. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे पडले होते.

"झाडू नका, वहिनी," शेषराव म्हणाले.

ते बनियनवरच खाली बसले आणि तुकडे वेचायला लागले. आमच्या बैठकीची फरशी जुनी, काळी. काळ्या फरशीवर काळा दोरा दिसेना. ते तळवा फिरवत, हाताला लागेल तो उचलत आणि दुसऱ्या मुठीत ठेवत. मंगलानं झाडू भिंतीला टेकवला आणि तीही बसली. माझे गुडघे गेली दोन वर्षं वाकत नाहीत, तरी मी बसलो. तिघंही हातानं चाचपडत होतो. "हा एक, भाऊजी," मंगला म्हणायची आणि त्यांच्या मुठीत देऊन टाकायची.

तपकिरी तुकडे मात्र लगेच दिसत होते. ते आम्ही दोघांनी उचलले नाहीत. ते त्यांच्यासाठी तसेच ठेवले.